चालू शस्त्रक्रियेत पत्नीस हाक मारू देण्याबाबत

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : उद्याच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णास जागे करण्यासाठी पत्नीस पाच मिनिटे आत सोडणेबाबत.

संदर्भ : मुख्य सिस्टर यांचा कालचा तोंडी नकार.

महोदय,

१. मी टपालवाटप करतो. आपल्या कार्यालयाचे टपालही मीच आणतो, त्यामुळे येथून उत्तर निघायला किती दिवस लागतात हे जाणून असल्याने हा अर्ज हातोहात देत आहे.

२. माझ्या पाठीत, मज्जारज्जूला चिकटून, शेंगदाण्याएवढी गाठ आहे. डाव्या पायातली चप्पल निसटते आणि मला पत्ता नसतो. उभा जन्म लोकांच्या वस्तू पोहोचवल्या, आता लोक मागून धावत येऊन माझी चप्पल मला पोहोचवतात. गाठ राहिली तर पाय हळूहळू जातील आणि काढताना धक्का लागला तर एकदम जातील, असे सर्जनसाहेबांनी स्पष्ट सांगितले आहे. लघवीवरचा ताबा, जंतुसंसर्ग, पाठीतले पाणी झिरपणे हे धोकेही त्यांनी सांगितले. मी संमतीपत्रावर सही केली आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

३. तक्रार पुढे आहे. मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारे यंत्र दुरुस्तीला गेले आहे. त्यामुळे निम्मी गाठ काढल्यावर भूल हलकी करून मला हाक मारतील, आधी हाताची मूठ आवळायला आणि मग पाय हलवायला सांगतील. पाय हलले तर पुढे जातील. पाठ उघडी ठेवून फार वेळ थांबता येत नाही, म्हणून खात्री पटली नाही तर उरलेली गाठ तशीच ठेवून टाके घालतील.

४. महोदय, मी हाकेने उठत नाही. काल दुपारी सिस्टरनी तीनदा हाक मारून पाहिली, नंतर ट्रे वाजवला. मी घोरत राहिलो. खाट क्र. आठवरील गृहस्थांनी मात्र प्लास्टरमधला पाय हलवला. भूल नसताना ही तऱ्हा, तर भुलीत काय दिवे लावणार? पाय शाबूत असून केवळ झोपेपायी गाठ आत राहिली, तर हसावे की रडावे?

५. मला उठवणारी व्यक्ती जगात एकच. एकतीस वर्षे पत्नी दारातून "उठताय की बादली आणू?" एवढेच म्हणते आणि माझे पाय आधी जमिनीला लागतात, डोळे मागाहून उघडतात.

६. यावर सिस्टर म्हणाल्या, "उद्या सगळेच बायका घेऊन येतील. आवाज फोनवर रेकॉर्ड करून घ्या." तोही घेतला. पहिल्या वेळी पत्नी सभेत बोलावे तशी बोलली : "अहो, डॉक्टर सांगतायत, तर तेवढे पाय हलवावेत." एवढ्या अदबीने माझ्याशी ती लग्नातही बोलली नव्हती. दुसऱ्या वेळी "उठताय की" इथेच तिला रडू फुटले. मी म्हटले, "अगं, नेहमीसारखी ओरड ना!" ती म्हणाली, "तुम्ही समोर धडधाकट बसलाय, ओरडू कशी?" मग मी फोन बंद केला. मला भीती वाटते, महोदय, आणि तिला माझ्याहून जास्त वाटते.

७. तरी प्रत्यक्ष मी पडून राहिलेला दिसलो की ती ओरडेल, याची मी लेखी हमी देतो. सर्जनसाहेबांची हरकत नाही, फक्त आपली सही हवी. पत्नी टोपी, गाऊन, मास्क, सर्व घालील. मास्कमधून आवाज पोहोचेल का, ही शंका आपण तिला ओळखत नसल्यामुळेच येऊ शकते.

८. पाय हललेच नाहीत तर ते तिला उभ्याने पाहावे लागेल. म्हणून हा अर्ज करू नये असे मला वाटत होते. मी तसे तिला सांगितले. तिने उत्तर लिहून दिले, ते सोबत जोडले आहे.

शुद्धीत असेपर्यंत आपला नम्र,
(सही)
अर्जदार, खाट क्र. नऊ
दि. १७, बुधवार

सोबत :
(१) संमतीपत्राची प्रत.
(२) पत्नीचे हमीपत्र, तिच्याच शब्दांत : "मी रडणार नाही, कशाला हात लावणार नाही. पाय हलले नाहीत तरी बाहेर जाणार नाही. शुद्धीवर आल्यावर ते डॉक्टरांना काही विचारणार नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतील. तेव्हा मला आधी माहीत असलेलं बरं."