पाच नोव्हेंबरचा पुतळा

१९ ऑक्टोबर, शनिवार

संसद आज चक्क शनिवारी भरली. आणि ठरलं काय? की आज काही ठरवायचं नाही! बाबांनी कप असा आपटला की चहा रेडिओवर. बाबा युरोपातून बाहेर पडा म्हणणारे, मी आत राहा म्हणणारी. तरी वाटलं — माझाही कप आपटा.

आई डच. माझ्या जन्माआधीपासून इथे इंग्लंडात, ससेक्समध्ये, अर्ध्या गावाला तिनेच पोहायला शिकवलं. पण युरोपात राहायचं की नाही, या मतदानात डच म्हणून तिला मत नव्हतं. बाबांनी तिला एका शब्दाने न विचारता 'बाहेर'वर फुली मारली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी कुत्र्यामार्फत बोलतात. "सांग त्यांना, सूप गार होतंय." कुत्रा शेपटी हलवतो. बाबा येऊन बसतात.

२१ ऑक्टोबर

आई चाललीये. सहा नोव्हेंबरच्या बोटीने, हॉलंडात मिडलबर्गला, मावशीकडे. म्हणाली, हे लोक काय ते ठरवेपर्यंत.

हे लोक! म्हणजे कायमचीच की.

२४ ऑक्टोबर

पबच्या मागच्या खोलीत शेकोटी मंडळाची बैठक. दर पाच नोव्हेंबरला गावात मोठी शेकोटी, मिरवणूक आणि कोणाचा तरी पुतळा; यंदा कोणाचा जाळायचा? अर्ध्यांना एक पुढारी हवा, अर्ध्यांना दुसरा. मुद्दे संपले, मग एकमेकांच्या आज्या निघाल्या. शेवटी अध्यक्ष मॉरीनबाईंनी शांतपणे आमच्या खासदाराचं नाव घेतलं. पियर्स ऑल्डरटन. आधी 'आत', मग 'बाहेर', मग 'जनतेला विचारू', आता 'पक्ष म्हणेल तसं'.

सगळे हात वर! मतदानानंतर या गावात पहिल्यांदाच एकमत झालं, तेही एका माणसाला जाळण्यावर. नाव बाहेर फोडायचं नाही, हा मंडळाचा जुना नियम.

पुतळा नेहमीसारखा बाबा बांधणार. मी म्हटलं, तोंडं चार करा.

२६ ऑक्टोबर

दिवसभर जुन्या गोठ्यात. लाकडी सांगाडा, वर कोंबड्यांची जाळी, त्यावर खळीत बुडवलेले कागद. कागद म्हणजे पियर्सचीच प्रचारपत्रकं! 'खंबीर' हा शब्द बरोबर हनुवटीवर चिकटवला.

बाबांनी मान वर न करता विचारलं, "खरंच चाललीये का ती?"

म्हटलं, तिलाच विचारा ना.

"कुत्रा काही बोलला नाही मला."

२८ ऑक्टोबर

युरोपातून बाहेर पडायला पुन्हा मुदतवाढ. आता म्हणे ३१ जानेवारी.

३१ ऑक्टोबर

आज युरोपातून बाहेर पडायचं होतं, पंतप्रधानांच्या शब्दांत मेलो तरी पडणार होतो. ना मेलो, ना पडलो. बाबांचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. नवा करत नाहीत, का तर बाहेर पडल्यावर मिळणारा निळा हवाय! लाल नको, त्यावर युरोपचं नाव असतं. आई बॅग भरताना हे ऐकून हसली. वाईट हसली.

२ नोव्हेंबर

कोणीतरी नाव फोडलं. पियर्सचा मॉरीनबाईंना फोन — फार मोठा सन्मान, मशाल मीच लावतो, फोटोग्राफर घेऊन येतो. डिसेंबरात निवडणूक ना! आम्ही त्याला जाळणार आणि त्याचं पोस्टर होणार. यांच्यावर थुंकलं तरी ते न्हाऊन निघतात.

मॉरीनबाई म्हणतात, नाही म्हणता येत नाही. ज्याला जाळायचं तो स्वतः आला तर त्याला हाकलायचं नाही, हीच रीत. बाबा जेवणाच्या टेबलावर लालेलाल. पुतळ्याची चारही तोंडं कुऱ्हाडीने फोडतो म्हणाले.

आणि आई बोलली. कुत्र्याशी नाही. सरळ बाबांशी.

"जाळू नकोस त्याला, टेरी. मुदतवाढ दे."

बाबा असे हसले की डोळ्यांत पाणी! दुपारी दोघं गोठ्यात. बाबा पुतळ्याच्या पोटातले फटाके काढतायत, आई टोपली धरून उभी.

५ नोव्हेंबर

हाताला मशालीच्या डांबराचा वास आहे, तसंच लिहितेय.

मिरवणुकीत आईने मंडळाचा पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर घातला. आयुष्यात पहिल्यांदा. मैदानात मोठी शेकोटी पेटली. मग गाड्यावरून पुतळा आला. पियर्स मशाल घेऊन पुढे, दात कॅमेऱ्याकडे. मॉरीनबाईंनी त्याचं मनगट धरलं. आई कर्णा घेऊन गाड्यावर चढली.

"पुतळा आज जळणार नाही. मंडळाने मुदत वाढवली आहे. एकतीस जानेवारी. तेव्हा जळेलच असंही नाही. तुम्ही थंडीत ताटकळलात, तुमच्या भावनांचा आम्ही आदर करतो."

मागून कोणीतरी ओरडलं, "परत?" आणि फुटलंच सगळं! 'आत'वाले, 'बाहेर'वाले, एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होते. पियर्सला हातातल्या मशालीचं काय करावं कळेना. फोटो निघाला तो नेमका तेव्हाचाच.

मूर्ख आहोत आम्ही, पण कोणाची पोस्टरं नाही!

वाटलं, आता कसली जाते ती. घरी आले तर बॅग दारातच.

६ नोव्हेंबर

बाबा आईला हार्विचच्या बंदरावर सोडायला गेले. बोट सकाळीच सुटली. अंधार पडला तरी गाडी परत नाही. पुतळा अंगणात, चारही तोंडं फाटकाकडे.

आत्ता बाबांचा मेसेज — "कुत्र्याला सांग, मीपण बोटीवर आहे."