तेलाचा फेस

आई,

आधी माफी मागतो. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलो. तेही काम पडलं म्हणून. कामापुरती आठवण काढतो असं तुला वाटेल, याची कागद घेतल्यापासून चिंता लागली आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि मला तिसरीपुढे कोणी शिकवलं नाही, म्हणून सोपंच लिहितो. परसातल्या चुलीवरून मघाशी मी पातेलं खाली उतरवलं आहे. त्यावर ताट झाकलं आहे. आतलं तेल झालं आहे की कच्चं आहे ते मला कळत नाही. कच्चं असलं तर पुन्हा चढवायला हवं, आणि झालेलं असताना चढवलं तर करपेल. निखारे अजून लाल आहेत, पण किती वेळ राहतील सांगता येत नाही.

तेल म्हणजे तेच, तू माझ्या बायकोच्या तोंडाला लावायला केलं होतंस ते. आता ते धाकट्या लेकीसाठी हवं आहे. ती तुझ्यामागं झाली, त्यामुळे तू तिला पाहिलेलं नाहीस, पण नाक अगदी तुझं आहे. खालापुरात दिली आहे. पहिल्या बाळंतपणाला इकडे कर्जतला आली, मुलगा झाला, सगळं नीट पार पडलं आणि मग दोन्ही गालांवर वांग उठलं, काळपट, हाताएवढं. आम्हाला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण तिची नणंद बाळाला बघायला आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "काय गं वयनी, भाकरी तव्यावर भाजत व्हतीस का गालावर?" सगळे हसले, लेकही हसली. त्या दिवसापासून मात्र ती गालावर पदर धरूनच बोलते. आरसा तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. उद्या तिला न्यायला खालापुरातून बैलगाडी येणार आहे, आणि तिनं सांगून ठेवलं आहे, "तेल हातात पडल्याबिगर मी गाडीत बसायची नाय." ती तुझ्यासारखी हट्टी आहे. बसायची नाही म्हणजे बसायची नाही. व्याह्यांची गाडी रिकामी परत गेली तर मी काय सांगू?

हे तेलाचं खूळ माझ्या बायकोनं काढलं. म्हणाली, "माझं वांग सासूबाईंच्या तेलानं गेलं. तसंच करा." मी विचारलं, कसं करायचं? तर म्हणते, "मला काय ठाव? मी बाळंतिणीच्या खोलीत व्हते. चुलीपाशी तुमी व्हता." दहिवलीच्या वैद्यांना विचारावं तर ते लेकाकडे पुण्याला गेलेले. मग आठवेल तसं सामान जमवलं. मंजिष्ठा, चंदन, ज्येष्ठमध, वाळा, लाख. केशर थोरल्यानं मुंबईहून काडेपेटीत घालून पाठवलं. थोरला म्हणजे ज्याच्या वेळी तू हे तेल केलंस तो. त्याला आता मिशा आहेत. सगळं शेळीच्या दुधात वाटलं, तिळाच्या तेलात घातलं, वरून उरलेलं दूध ओतलं आणि मंद आचेवर ठेवलं. दुपारपर्यंत दूध आटलं, चोथा खाली बसला, तडतड थांबली आणि कडेनं बारीक पांढरा फेस धरायला लागला. बायको म्हणाली, "तुपाचा फेस बसला की तूप होतं. याचाबी बसू द्या." मी होय म्हटलं, लाकूड सारायला हात घातला आणि एकदम भ्यालो. तू फेसावरून माझ्या अंगावर ओरडली होतीस एवढं मला पक्कं आठवलं. पण का ओरडली होतीस, आणि ते तेल होतं की तूप? तूप तर तू दर आठवड्याला कढवायचीस आणि दर वेळी ओरडायचीस. म्हणून पातेलं उतरवून ठेवलं आणि कागद घेतला.

तो दिवस पहिल्यापासून आठवून बघतो. तू मला शेळीच्या दुधासाठी डोंगराखालच्या ठाकरवाडीत पाठवलंस. मी एका पोराचा बाप, आणि हातात तांब्या घेऊन शेळीच्या मागं. तिथली म्हातारी विचारते, "कुनाला पाजायचं रं?" मी खरं ते सांगितलं, पाजायचं नाही, तोंडाच्या तेलात घालायचं आहे. झालं! तिनं सगळ्या वाडीला हाक मारली, "आगं या गं, ह्यो बाप्या तोंडाला शेळीचं दूध लावनार! गोरा व्हनार!" बायका पोट धरून हसल्या. दूध मात्र तांब्या भरून दिलं. मी मान खाली घालून निघालो ते मागं न बघता. घरी आलो तर माझ्यामागं एक करडू उभं. तू दारातच म्हणालीस, "दूध सांगितलं व्हतं, शेळी नाय."

"मी नाय आणलं. आपलं आपण आलं."

"मंग त्याला बसव चुलीपाशी. तुझ्यापरीस शहाणं दिसतंय."

हे लिहिताना मला हसू येतं आहे, बायको आतून विचारते, काय झालं. तर तू चुलीपुढे बसली आहेस. करडू तुझा पदर चघळतं आहे. तू एका हातानं त्याला ढकलतेस, दुसऱ्या हातानं पळी फिरवतेस. कडेनं फेस येतो. मी शहाणपणानं विचारतो, "लाकूड सारू का? फेस बसंल." आणि तू ओरडतेस, "उतरव आधी, मेल्या!" तुला उठता येईना, पदर करडाच्या तोंडात, म्हणून पातेलं मीच खाली घेतलं. आई, करडू आपल्या परसात एकदाच आलं, संध्याकाळी मी ते परत नेऊन सोडलं. म्हणजे ते तूप नव्हे, तेलच! आणि पातेलं खाली आल्यावर तू म्हणालीस, "तूप तुझ्या बापासारखं, फेस बसून गप झालं की झालं. तेल माझ्यासारखं, तोंडाला फेस आणून बोलाया लागलं की उतरवायचं." बाबा ओटीवर पान जुळवत होते, ते तेव्हाही गप्पच होते.

इथवर लिहून उठलो होतो. चुलीवर पाणी ओतलं, म्हणजे माझं मन पुन्हा फिरायला नको. तेल जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं, बायकोनं केशर खलून घातलं. रंग पिकलेल्या आंब्याच्या सालीसारखा आला आहे. लेकीनं दोन थेंब तळहातावर घेतले आणि आरसा आपल्या हातानं सरळ केला. पहिल्यांदा नाक बघितलं, मग गाल. म्हणाली, "वांग एवढ्यात जायचं नाय ना?" बायको म्हणाली, "माझं जायला मोठी दिवाळी आली. तवर नणंदेला म्हण, भाकरी गालावर भाजते पण कच्ची नाय ठेवत." दोघी इतक्या हसल्या की बाळ जागं झालं. ते उचलायला लेक धावली तेव्हा पदर खांद्यावरच राहिला. तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

मग बाळाला थोपटता थोपटता तिनं मला विचारलं, "आजी आसंच करायची ना, बाबा?" मी म्हटलं, "आसंच." मी सहसा कशालाच इतकं ठाम उत्तर देत नाही, त्यामुळे तिचा लगेच विश्वास बसला. बाटलीला बूच घट्ट बसवून तिनं ती बाळाच्या दुपट्यांत गुंडाळली आहे. उद्या ती गाडीत बसेल.

तुला म्हणून सांगतो. करडू खरं, पदर खरा, तुझं ओरडणंही खरं. पण तूप बाबांसारखं आणि तेल तुझ्यासारखं, हे तू म्हणाली होतीस की मघाशी लिहिता लिहिता मीच तुझ्या तोंडी घातलं, ते मला कळेनासं झालं आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं तेही कळत नाही, म्हणून माझ्यापाशीच राहील. पण गाडी सकाळी लवकर निघेल. काही चुकलं असेल तर त्याच्या आत कळव. आणि बरोबर असलं तरी कळव, आई.