कॅप्टनसाहेबांनी लिंबू मागितलं

आईला अजिनाथचा जहाजावरून दंडवत.

मी मजेत हाय. समुद्र जरा हलतो, म्हणून अक्षर वाकडं आलंय. काळजी करू नको.

तू कपड्यांत कोंबलेली लिंबं बघून सगळे हसले. "भाजीचं दुकान टाकतोस का?" म्हणाले. परवा वादळ झालं आन तेच उलट्या करून आडवे झाले. मी थोड्याच केल्या. लिंबाला मीठ लावून चोखलं, तवा उभं राहता आलं. मग हसणारेच हात पसरून आले.

शेवटी खुद्द कॅप्टनसाहेब आले, तोंड पिवळं पडलेलं. म्हणाले, "पूर्वी ताजी फळं मिळत नसत, तेव्हा खलाशांच्या हिरड्या सडायच्या, दात पडायचे, माणसं मरायची. बोटीवर लिंबं आली आणि जीव वाचले. अर्धं दे रे."

चोखता चोखता त्यांनी विचारलं, "तुझं गाव कुठल्या किनाऱ्यावर?"

"पाथर्डीकडचा हाय, साहेब. आमच्याकडं पाणी टँकरनं येतं."

ते इतके हसले की पुन्हा उलटी झाली.

पोरगं टिकायचं न्हाई म्हणणाऱ्या अण्णांना हे मोठ्यानं वाचून दाखव. टँकर येतोय ना? लिंबाच्या झाडाला आंघोळीचं पाणी घालतेस ना?

तुझा, आता बऱ्यापैकी जेवणारा,
अजिनाथ