राहू दिलेली गोष्ट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

गणपतीनंतर या वहीत एक ओळ नाही. माफी असावी. कोणाची मागतेय ते ठाऊक नाही, माझीच असेल. दाजींच्या तपासण्या, दवाखान्याच्या खेपा, त्यातच नोकरी बदलली. दाजी म्हणजे माझे वडील. रत्नागिरीपासून भाईंदरपर्यंत सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही. पोटाचा कर्करोग आहे, आणि आता महिने मोजू नका, आठवडे मोजा, असं डॉक्टर म्हणाले आहेत.

आज मात्र मन बरं आहे. इतकी वर्षं विमा कंपनीत दावे तपासले, आता एका ट्रस्टसाठी शुश्रूषा केंद्रं तपासायची. पहिलंच काम उत्तनला, सांजतीरमध्ये. जिथे औषधांनी बरं होणं संपलेलं असतं, तिथली माणसं शेवटपर्यंत सांभाळणारं घर. बस भाईंदर पश्चिमेचा बाजार सोडून खाडीच्या कडेला लागली आणि उन्हाळी सहलीला निघाल्यासारखं वाटलं. उत्तनला बांबूच्या मांडवांवर बोंबील टांगलेले. वासाने आधी नाक मुरडलं, मग सवय झाली.

घर बैठं, कौलारू, पांढरं. चादरी उन्हात वाळवलेल्या. मुख्य परिचारिका डेल्फिन सिस्टर, साठीच्या, खणखणीत आवाजाच्या. मी फाईल उघडताच म्हणाल्या, मॅडम, आधी चहा घ्या, मार्क नंतर कापा.

या घराची ख्याती अशी, की डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीपेक्षा माणसं इथे कितीतरी जास्त काढतात. नातेवाईक हात जोडून सांगतात. दाजींचं नावही मी इथल्या प्रतीक्षा यादीत घातलंय. मीच तपासणार आणि माझाच माणूस इथे येणार, हे बरोबर नाही. ट्रस्टच्या जितेशना स्पष्ट सांगितलं. ते हसून म्हणाले, अरे गिरिजा मॅडम, मग तर तुम्ही जास्त नीट बघाल, चलता है.

नीट बघेन.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर तिथेच. पाठीला जखमा कोणाच्याच नाहीत. वेदनाशामक वेळेवर. तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं, सगळं चोख. बायका रुग्णांशी बोलतात, नुसतं काम उरकत नाहीत.

एकच खटकलं. कोणी काही मागितलं की इथे सगळे म्हणतात, उद्या. बॉस्को अंकलना ताजा बोंबील खायचाय, रवा लावून तळलेला. अख्ख्या गावात बोंबील टांगलेले आणि यांना म्हणे उद्या. त्यांनीच डोळा मिचकावून सांगितलं, बाय, हा उद्या लई दिवसांचा हाय. अनसूयाबाई पेणकडच्या. त्यांच्या मंगळसूत्राचा दोरा तुटलाय, काळे मणी आणि वाट्या उशीखाली स्टीलच्या डबीत. दोरा मिळत नाही म्हणे! लिनेट माझ्याच वयाची असेल. तिच्या गाऊनचं एक बटण तुटलंय, आणि ते बटण डेल्फिन सिस्टरांच्या खिशात आहे, मी स्वतः पाहिलं.

मागणी पुरी करण्याच्या रकान्यात मी दोन गुण दिले, पाचपैकी. घरी आल्यावर वाटलं, फार कडक झालं का? मग वाटलं, बटण शिवायला किती वेळ लागतो?

६ नोव्हेंबर, गुरुवार

तपासनिसाने मधे पडू नये, हे मला कळतं. तरी उतरल्यावर कोळणीकडून ताजे बोंबील घेतले, तिच्याकडूनच रवा लावून तळून घेतले आणि डबा घेऊन गेले. डेल्फिन सिस्टर बँकेत गेल्या होत्या. बॉस्को अंकलनी काट्यासकट चावून खाल्ले. बोटं पुसली, मला टेरेझासारखे बोंबील दुसऱ्या कोणाला जमले न्हाय असं वाटायचं, तुझ्या कोळणीने जमवले, म्हणाले. टेरेझा कोण, विचारलं. मागच्या खोलीत हाय, एवढंच म्हणाले. मग उशीला टेकले आणि म्हणाले, झालं बाय.

चहाच्या वेळेला आया उठवायला गेली तर ते गेलेले होते. चेहरा इतका निवांत.

वय होतं, आजार होता. तेलकट खाल्ल्याने का? डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले छे. झोप लागली नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

खाट रिकामी झाली म्हणून दाजींचा नंबर लागला. बॉस्को अंकलचीच खाट, खिडकीजवळची. मला ओशाळवाणं झालं, पण दाजी खुश. समुद्र दिसतो म्हणाले, रत्नागिरीच्या मानाने मळका आहे, पण चालेल.

दाखल करताना डेल्फिन सिस्टरांनी मला बाहेर बसवलं आणि दाजींना एकच प्रश्न विचारला, दारातून ऐकू आला. आता तुम्हाला एकच गोष्ट मिळणार असेल तर काय हवंय? दाजी म्हणाले, माझ्या वस्तऱ्याने गिरिजाने माझी दाढी करावी. लहानपणी फेस तीच करून द्यायची, वस्तरा मी कधी हातात दिला नाही, आता देतो.

मला हसू आलं, रडूही. लगेच आत जाऊन त्यांच्या पिशवीतून वस्तरा काढला आणि पाणी आणायला वळले. डेल्फिन सिस्टरांनी वस्तरा माझ्या हातातून घेतला, रुमालात गुंडाळला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणाल्या, उद्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

अनसूयाबाईंचे मणी शनिवारी मी मागून आणले होते. रविवारी बसून ओवले. काम किरकोळ, पण मन लावून केलं. आज सकाळी मंगळसूत्र त्यांच्या गळ्यात घातलं. त्यांनी वाट्या चाचपल्या, दोन्ही हातांनी माझा चेहरा कुरवाळला आणि म्हणाल्या, बाय माझे, आता कशाची घाई नाही नि कशाची वाट नाही.

जेवणाची ताटं यायच्या आधी त्या गेल्या.

मी त्यांच्या खाटेजवळ उभी होते आणि हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. चेहऱ्याकडे कोणीच बघत नव्हतं. माझ्या हातांकडे बघत होते. आज मी काय आणलंय ते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आत पाऊल टाकलं तेवढ्यात लिनेट ओरडली. गाऊनची उघडी फट मुठीत आवळून धरली. माझं बटण लावू नका, दीदी, प्लीज, माझी मुलगी ख्रिसमसला दुबईहून येतेय. तिच्या पलीकडचे एक आजोबा हात जोडून म्हणत होते, तिला नको तर मला द्या, मला नातवाचा आवाज ऐकवा फोनवर, बस, संपवा. दोघं एकाच वेळी बोलत होती.

डेल्फिन सिस्टर मला ओसरीवर घेऊन गेल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, उशिराला दोन मार्क दिलेत ना? आता किती देता? मग सरळ सांगितलं. इथे शेवटी माणूस एका गोष्टीवर टांगलेला असतो. ती गोष्ट राहिलेली असली की तो राहतो, झाली की सुटतो. आम्ही ती गोष्ट राहू देतो. घरचे येतात, पाया पडतात, अजून एक दिवाळी, अजून एक लग्न. आम्ही देतो.

मी विचारलं, माणसाला स्वतःला विचारता का?

त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलंत, बॉस्कोला?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

माझा विश्वास नाही. दोन मृत्यू, दोन योगायोग. विम्याच्या कामात असे ढीगभर पाहिले.

तरी आज मागची खोली दाखवा म्हटलं, तपासणीत सगळ्या खोल्या येतात. डेल्फिन सिस्टरांनी दार उघडलं आणि स्वतः बाहेर थांबल्या.

टेरेझा. आधी वाटलं खाटेवर नुसती चादर आहे. मुलगा एल्टन वादळात बोटीबरोबर गेला, देह मिळाला नाही. ही त्याची वाट बघत दाखल झाली, तेव्हा डॉक्टरांनी थोडेच आठवडे दिले होते. त्या वर्षी जन्मलेली सिस्टरांची नात आता शाळेत जाते.

ती खात नाही. एक श्वास घेते, मग इतका वेळ काहीच नाही की मी कोणाला तरी हाक मारायला वळले, आणि मग दुसरा. डोळे मिटत नाहीत. हात हातात घेतला तर वजन नाही, आणि खडखडला. मांडवावरचे बोंबील वाऱ्याने एकमेकांवर घासतात, तसा.

दाराकडे बघून म्हणाली, एल्टन? मग म्हणाली, तू न्हाय.

मग म्हणाली, तो बुडाला असं सांग मना. कोणीतरी सांग.

मला ठाऊक नाही तो बुडाला का. जे ठाऊक नाही ते मी कसं सांगू? माझं हे खरेपण कोणाच्या कामाचं आहे?

१५ नोव्हेंबर, शनिवार

टेरेझाला खोटं सांगितलं. एल्टनचा देह सापडला म्हटलं, किनाऱ्याला लागला. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. आण, म्हणाली. मी हात लावते.

तो हात तसाच पुढे होता, मी निघेपर्यंत. अजूनही असेल.

दाजींना त्रास वाढलाय. औषध पोचतंय, वेदना त्याच्या पलीकडून येतेय, असं डॉक्टर म्हणाले. दाजी विचारतात, दाढी कधी गं? मी म्हटलं, उद्या. शब्द तोंडातून गेला तेव्हा कळलं, कोणाचा आहे तो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

त्यांना घरी नेते म्हटलं. डेल्फिन सिस्टर म्हणाल्या, न्या ना. वस्तरा पण न्या, हा घ्या. गोष्ट या घराकडे नाही आता, तुमच्याकडे आहे.

नेलं नाही. घरी मी एकटी— ते ओरडतील आणि मी एकटी.

वस्तरा पर्समध्ये आहे. बसमध्ये पर्स मांडीवर धरून बसवत नव्हतं. उभी राहिले.

जितेशचा फोन. रिपोर्ट द्या, मॅडम, छान जागा आहे ना, पाच देऊन टाका. काय लिहू? माणसं दीर्घकाळ जगतात. हे खरं आहे. एवढंच लिहिलं तर खरंच लिहिलं असं होईल.

१९ नोव्हेंबर

दाजी चार घास घेत होते, आता तेही नाही. पाणी नाही. तरी आहेत. डॉक्टर नाडी बघून माझ्याकडे बघतात.

सगळं आटतंय, दाढी तेवढी वाढतेय. गालफडं बसली आणि दाढी छातीवर यायला लागली, पांढरी, राठ— दाढी अशी वाढत नाही. मला ठाऊक आहे, वाढत नाही.

म्हणाले, पोरी, माझं काही चुकलं का गं? दाढी करायला इतका कंटाळा?

उद्या, दाजी.

२० नोव्हेंबर

कूस बदलायला हात घातला. पाठीखालून आवाज आला. खडखड—

मी सोडून दिलं त्यांना. माझ्या बापाला मी हातातून सोडून दिलं.

मागच्या खोलीतून ती हाक मारतेय का, की दाजी? आता दोघांचा आवाज सारखाच. दार उघडलं की दाजीही म्हणतात, कोण? मी म्हणते, मी. ते म्हणतात, आणलास?

२१ नोव्हेंबर

मी दाढी केली तर मी त्यांना— आणि नाही केली तर मी त्यांना—

ते मला हवेत म्हणून ठेवते, की मला भीती वाटते म्हणून? सुटावेत असं वाटतं ते त्यांच्यासाठी, की मला या बसमध्ये पुन्हा चढायचं नाही म्हणून? एवढं कळलं असतं तर. रोज स्वतःला विचारते. विचारण्यात एक दिवस जातो, आणि तो दिवस त्यांच्या अंगावरून जातो.

आज श्वासानंतर थांबले. मी उठले, हाक मारायला. मग पुन्हा घेतला.

२२ नोव्हेंबर

आज डोळे मिटले नाहीत दिवसभर. मी समोर हात हलवला.

मी विचारलं त्यांना. कोणीच विचारलं नव्हतं, मीही. सगळं सांगितलं, बॉस्को अंकल, मणी, टेरेझा, वस्तरा. दाढी केली की काय होईल ते. ऐकलं असेल का, कळेना. मग ओठ हलले. म्हणाले, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं गं, सिस्टरांनी तसं विचारलं तेव्हाच. म्हणून तर तुझं नाव घेतलं.

आणि म्हणाले, हात हलू देऊ नकोस, कापशील. बापाची थट्टा, तेवढ्यातही.

आज मी त्यांना उद्या म्हटलं नाही. हो म्हटलं.

वस्तऱ्याला धार लावून आणली. साबण, वाटी, ब्रश पर्सशेजारी ठेवलेत. हात स्थिर राहील का— राहायला हवा. फेस जास्त करायचा, लहानपणी करायचे तसा, नाकापर्यंत. ते हसायचे, आणि मी—

उद्या: पाणी कोमट करून दाजींची दाढी