खानदानाचा रिकामा रकाना

पनवेल, गुरुवार

आदरणीय ताहेर मामू,

अस्सलामु अलैकुम. तब्येत कशी आहे? (रिवाज म्हणून विचारलेलं नाही, उत्तर नीट द्या.) आम्ही खुशाल. अम्मीचा आवाज अजून सुकापूरपर्यंत जातो, यावरून ओळखा. कागदावर लिहितेय, कारण माझा मोबाईल माझ्यापेक्षा अम्मीच जास्त वाचते. शेजारच्या अलिनाचे अब्बू उद्या तुमच्या दोहाला परत निघालेत, त्यांच्याकडे सुकटीच्या डब्यासोबत हे पाकीट देतेय.

तर मामू, यंदा फार्मसीच्या प्रोजेक्टला मला विषय मिळाला, विद्यार्थ्यांमधला उच्च रक्तदाब आणि त्याची कारणं. तीस जण पकडायचे (तिसावी मी), दंडाला पट्टा बांधायचा, फॉर्म भरायचा. मी हुशारी केली. पट्टा फुगत असतानाच प्रश्न विचारले, म्हणजे वेळ वाचतो. झोप किती? चहा किती? लोणचं, पापड, चायनीज भेळ? एटीकेटी किती? घरी सांगितलंय का? एकोणतीस जणांचं बीपी वर! वर्गात पहिली येणारी दिपा तर एकशे साठला टेकली (तिला एटीकेटी नाही, शब्द ऐकूनच टेकली). नॉर्मल निघाला एकटा अमन, ज्याचे पाच विषय राहिलेत आणि ज्याने घरी सगळं सांगून टाकलंय. नीता मॅडम आकडे बघून म्हणाल्या, "अगं, कॉलेज बंद करून हॉस्पिटल काढायचं का? आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, मग मोजायचं!"

पुन्हा सगळ्यांना गोळा केलं (समोशाची लाच दाखवून, पण समोसा मोजून झाल्यावरच). पाच मिनिटं गप्प बसवलं. सत्तावीस नॉर्मल. दोघांना डॉक्टरकडे पाठवलं. उरले मी. तीन दिवस चहा न पिता, शांत बसून मोजलं, तरी एकशे सेहेचाळीसच्या खाली येईना. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला बीपी आहे का? अम्मी सोबत होतीच. ती तिथेच कडाडली, "आमच्या खानदानात असली थेरं नाहीत. माझा ताहेर तर घोडा आहे, घोडा!" त्यांनी तो रकाना रिकामाच ठेवला. मामू, मी वीस वर्षांची आहे आणि मला भीती वाटते.

दुआ करा.

तुमची भाची,
फरहा

ता.क. गेल्या ईदला तुमच्या बॅगेतला खजुराचा डबा मी उघडला होता (खजूरच शोधत होते). आत बीपीच्या गोळ्या होत्या. सहाच्या सहा स्ट्रिप, एकही गोळी न काढलेली. मी कुणाला बोलले नाही. पण आता माझा रकाना भरा, अम्मीला स्वतः सांगा आणि त्या गोळ्या घ्या. मला घोडा नको, मामू हवेत.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवायला मी डिंक आणायला आत गेले तेवढ्यात अम्मीने हे सगळं वाचलं. ती ओरडली नाही, यावरून ओळखा. डब्यातली सुकट काढून तिने दुधी भोपळा भरलाय. पत्र तुमच्या हाती पडलं की शनिवारी ती फोन करणार आहे. उचला. पण आधी पाच मिनिटं शांत बसा.