आगबोटवाल्या आजोबांचा रहित झालेला मुंबईप्रवास

रत्नागिरी,
सोमवार, दि. १८ ऑगस्ट

तीर्थरूप विनीतदादा यांस,

धाकट्या भावाचा, आत्मारामाचा, साष्टांग नमस्कार. इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. माझी कालपर्यंत होती. तुमच्या गुडघ्यास आराम पडला असेल असे गृहीत धरतो. विचारपूस करण्याइतका मी आज शांत नाही.

मे महिन्यात तुम्ही आलात, देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत बसलेल्या आगबोटवाल्या आजोबांना भिंगाखाली धरलेत आणि ते आपले कोणीही नसून तांब्यावर मीनाकाम केलेली, दोनशे वर्षांपूर्वीच्या कोणा परदेशी चित्रकाराची छबी आहे, असे जाहीर करून दुपारच्या गाडीने परत गेलात. (असे काही जाहीर करणाऱ्याने निदान दोन दिवस मुक्काम करावा.) पणजोबांनी बोटीवरच्या नोकरीत ती कोठूनशी आणली आणि त्यांच्या पश्चात ती त्यांचीच तसबीर समजली गेली, हे मला तत्काळ पटले. आजोबांच्या हातातील पूजेच्या तबकाला अंगठ्यासाठी भोक कशाला आणि उदबत्तीच्या टोकाला केस कसे, हे मी सातव्या वर्षीच विचारले होते. तेव्हा मिळालेला धपाटा मी आता अन्यायकारक ठरवीत आहे.

तज्ज्ञांना दाखवण्यासाठी छबी पाठव, ही तुमची आज्ञा मी आईला कळवली. ती म्हणाली, "परका असूंदे. साठ वर्षं माझ्या हातून दुधाने न्हातोय. अजून कसलं नातं हवं तुला?" दुधाने न्हाऊनही रंग टिकला हे मीनाकामाचे वैशिष्ट्य आहे, असे मी स्पष्ट केले. तर म्हणे, "मग? आपला असल्याशिवाय एवढं सोसतो का कोण?"

अखेर काल देवीचा कौल घेतला. चुकीला वाव नको म्हणून मी प्रश्न लिहून नेला होता : 'छबी तपासणीसाठी पंधरा दिवस मुंबईस पाठवावी काय?' भागोजी गुरवाने देवीच्या अंगावर कळ्या लावल्या आणि छबीतल्या म्हाताऱ्याचे नाव व माझे नाते विचारले. नाव अज्ञात, नाते निरंक, असे मी सांगितले. "मग देवीला कशाला त्रास? पोस्टात विचारा की!" म्हणाला. पाचव्या मिनिटाला उजवी कळी पडली, म्हणजे होकार. छबी घालण्यासाठी आणलेले पाकीट मी पुढे केले, तोच आई म्हणते, "मी आधीच मनात विचारलं होतं, ह्यांनी घरातच राहावं ना म्हणून. त्याचा होकार हा." आधी विचारील त्याचा कौल, असा भागोजीने निवाडा दिला. मनातल्या प्रश्नाला साक्षीदार नसतो, हे मी परोपरीने सांगितले. "देवी आहे की," म्हणाला.

घरात माझे कोणी ऐकत नाही. आमच्या सौ. मृणालीनेही आज सकाळी मला, आजोबांसमोर आवाज चढवू नका, असे बजावले. तरी तुम्ही स्वतः यावे, आईशी बोलावे आणि छबी न्यावी. मी छबीला हात लावणार नाही.

आपला (ही एक बाब वगळता) आज्ञाधारक,
आत्माराम

ता. क. : तुम्ही ठरवलेली तज्ज्ञांची गुरुवारची भेट छबीविना घ्यावी. कारण खाली देत आहे.

आणखी ता. क. : आज दुपारी मागील बाजूचे जुने गंध मी मऊ ब्रशने काढले. (हात लावावा लागला.) त्याखाली नाव आणि साल कोरलेले निघाले, कागदावर पेन्सिल घासून घेतलेला ठसा सोबत आहे. हे गृहस्थ नेमके कोणत्या तारखेस वारले, एवढेच तज्ज्ञांकडून काढावे; तिथी मी पाहून घेईन. आजवर पणजोबांचे आणि यांचे मिळून एकच पान सर्वपित्रीला ठेवले जात होते. यंदापासून दोन पाने. ज्या माणसाची तिथी मिळू शकते त्याला सरसकट अमावास्येत ढकलणे मला मुळीच मान्य नाही. पितृपक्ष आठ सप्टेंबरला सुरू होतो. तोवर, आणि पान ठेवून होईपर्यंत, त्यांना घरातून हलवता येणार नाही. तुम्ही येण्याची घाई करू नये.