हळदीचा हात

३ फेब्रुवारी
आजपासून पांडेसऱ्यात कामाला लागले. मिलच्या गेटासमोर ललितचं पत्रिकांचं दुकान. मोठी खिडकी, गार पाण्याचा माठ आणि मला चक्क फिरती खुर्ची! हे गेल्यापासून घराबाहेर बरं वाटलं, ते आज.

आमच्या खानदेशी लोकांच्या गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक संपवायच्या विधीच्या, पत्रिका इथे होतात आणि व्हॉट्सॲपवरून गावोगाव जातात. गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो कोणाकडेच नसतो. लग्नाच्या घोळक्यातून त्याला सोडवून घ्यावं लागतं. कॉम्प्युटरवर आजूबाजूचं पुसलं की करड्या-पांढऱ्या चौकड्या दिसतात. तिथे काही उरलं नाही, असा त्याचा अर्थ. मग पीएनजी करून ठेवायचं. जेपीजी केलं की मागे पांढरा ठोकळा येतो. ललित म्हणाला, काकू, चौकड्यांना भिऊ नका, त्या पत्रिकेत येत नाहीत.

सरावाला मोबाइलमधला ह्यांचा फोटो घेतला, चैतालीच्या हळदीतला. मध्ये हे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला लेक. तिचा पिवळा हात ह्यांच्या खांद्यावर. तिला पुसलं, एकेक बोट करत. स्वतःला पुसवेना. आम्ही दोघंच राहिलो. ह्यांचंच नाव, 'हेमराज', देऊन ठेवला.

७ फेब्रुवारी
भटू पाटील आले. थोरला भाऊ गेला त्यांचा. फोटोत भावाच्या खांद्यावर त्यांचाच हात. "मना हात काढी टाक, बहीन. नहीतर भाऊ माले बी ओढी लई जाई." रडता रडता स्वतःच हसले. जित्या माणसाचा हात गेलेल्यावर दिसू नये, अशी रीत. मी इतका स्वच्छ काढला की ललितने शाबासकी दिली.

११ फेब्रुवारी
भटूभाऊ छापील पत्रिका न्यायला आले. उजवा हात रुमालात. बधिर झालाय म्हणाले. रुमाल सरकला. हात होता, पण त्याच्या आरपार काउंटरचा निळा सनमायका दिसला. ललितला काहीच दिसलं नाही. म्हणतो, काकू, चष्मा करा.

१५ फेब्रुवारी
भटूभाऊ गेले. त्यांची पत्रिकाही आमच्याकडेच आली. मी माउसला हात लावला नाही.

दिवसभर एकच विचार. मी त्यांचा फक्त हात पुसला होता. चैतालीला मात्र अख्खी—

१६ फेब्रुवारी
सासरहून, कडोदऱ्याहून चैतालीचा फोन. लाटणं हातातून निसटतं म्हणे. डॉक्टरांनी मालिश सांगितलं. आई, तू काळजी करू नको, म्हणाली. कोणता हात, ते विचारायचं धाडस झालं नाही. तिनेच सांगितलं. फोटोत ह्यांच्या खांद्यावर होता, तोच.

१७ फेब्रुवारी
ललित म्हणतो, पीएनजीत पुसलेलं परत येत नाही, मूळ फोटोतून नव्याने करा. केलं. मोबाइलमधून चैताली घेतली, ह्यांच्या शेजारी बसवली, ठेवली. उघडून पाहिलं— तिच्या जागी चौकड्या. पुन्हा केलं. पुन्हा चौकड्या.

फाइलच काढून टाकली. जेवून आले तर होती तिथेच.

चैतालीचा पुन्हा फोन. हात आता खांद्यापर्यंत बधिर—

एक जागा रिकामी राहणारच. कोणाची, एवढंच माझ्या हातात.

१८ फेब्रुवारी
सकाळी केलं. फोटोत हे आणि चैताली. ह्यांच्या डाव्या बाजूला, माझ्या जागी, चौकड्या. जुन्या फाइलवरच ठेवू का, विचारलं कॉम्प्युटरने. हो म्हटलं.

उघडून पाहिलं. चैताली आहे.

दुपारी तिचा फोन. हात मोकळा झाला, भाकरी थापली. हसत म्हणाली, आई, बोटांना हळद कुठून लागली गं. मी पण हसले.

पेन घसरतंय. बोटांखालच्या वहीच्या रेघा दिसतात, बोटं न उचलता.

दुखत नाही. हे जवळच असल्यासारखं—

आत्ता सुचलं. आधी कसं नाही— माझी पत्रिका ललितच करेल. फोटो शोधेल. ललित, माझा एकटीचा फोटो नाही रे. सगळ्यांत चैताली शेजारी आहे, हात माझ्या खांद्यावर. पत्रिकेला फोटो लावू नको. तिला पुसू—